घरगुती निवासाच्या वेबसाइटला फ्रेमवर्क हवं का?

बुरोंडीला परशुरामांची भव्य मूर्ती बघायला येणारा पर्यटक मुक्कामाची जागा मोबाइलवरच शोधतो, तीही बहुतेकदा दापोलीहून खाली उतरताना, रेंज येत-जात असताना. म्हणून इथल्या वेबसाइट करणाऱ्यांसाठी थोडं.

बूटस्ट्रॅप हे फ्रेमवर्क ट्विटरने २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. बारा स्तंभांची जाळी, तयार बटणं, फॉर्म, मेन्यू. एकट्याने काम करणाऱ्याचे कितीतरी तास वाचतात आणि उद्या दुसरा कोणी दुरुस्तीला बसला तरी क्लासची नावं त्याच्या ओळखीची असतात.

पण आपण वापरतो चार गोष्टी आणि पाहुण्याच्या फोनवर सगळा बाडबिस्तरा उतरतो. फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलेलं रिअॅक्ट तर खोल्यांचे फोटो, दर आणि फोन नंबर एवढ्यासाठी मला निव्वळ उधळपट्टी वाटते. ते फक्त ब्राउझरमध्ये चालवलं, तर जावास्क्रिप्ट येईपर्यंत पान कोरं! खोल्यांची उपलब्धता दाखवणारं बुकिंग कॅलेंडर असेल, तर गोष्ट वेगळी.

मराठीची गोची आणखी निराळी. अक्षरांत अंतर वाढवणारा तयार क्लास लावला की शिरोरेषा तुटते. बूटस्ट्रॅपच्या शीर्षकांची ओळउंची १.२, दोन ओळींचं मराठी शीर्षक असेल तर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडू शकतात. नमुना पानावर भाषा इंग्रजी नोंदवलेली असते, तीही बदला. नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी धाटणीत वाचू शकतो.

माझं मत विचाराल तर चार-पाच पानांच्या वेबसाइटला साधं एचटीएमएल आणि सीएसएस ग्रिड पुरतं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.