माटवी

माटवी (गोव्यात माटोळी) ही गणेशचतुर्थीला गणपतीच्या मूर्तीच्या वर छताला टांगली जाणारी फळे, फुले, पाने व रानवेलींची मांडणी होय. ती गोवा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्रचलित आहे. मखर मूर्तीभोवती उभे राहते. माटवी मात्र देवावरचे छत असते. म्हणून तिच्याकडे सजावटीपेक्षा बांधकाम म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

बांधणी

माटवीचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, चौकोनी व जाळीदार असतो. तो दोरांनी छताच्या वाशांना किंवा कड्यांना टांगतात. सर्व भार या दोरांवर येत असल्याने नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड अशा जड वस्तू समोरासमोर, तोल साधून बांधाव्या लागतात; एका अंगाला ओझे वाढले की चौकट कलते. बांधणीसाठी कुंभ्याच्या (गोव्यात कुमयो) सालीचे धागे वापरण्याची परंपरा आहे. आंब्याच्या डहाळ्यांनी लाकूड झाकले जाते. जपानी इकेबानात रचना पात्रातून वर चढते, तर माटवी वरून खाली उतरते आणि खालूनच पाहिली जाते; त्यामुळे लोंबणारे घोस व वेली हेच तिचे मुख्य घटक ठरतात.

साहित्य

गणपती दीड दिवसापासून अकरा दिवसांपर्यंत घरी असतो. नाजूक फुले त्याआधीच कोमेजतात, म्हणून फळांना प्राधान्य मिळते. कवंडळाची लाल फळे, मालकांगोणीचे घोस, त्रिफळ व अंबाडे ही त्यांपैकी काही. कळलावीची फुले ज्वाळेसारखी दिसतात, पण तिचा कंद विषारी असतो. माटवीतील सर्वच वस्तू खाण्याजोग्या नसतात.

कोणती वेल कोणत्या रानात, कधी फळते हे ज्ञान माटवीमुळे घरोघरी टिकले. आता बरेचसे साहित्य चतुर्थीपूर्वीच्या बाजारातून येते. गोव्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे या कलेला प्रतिष्ठा लाभली. स्पर्धक शेकडो प्रकारच्या वनस्पती जमवतात व त्यांतून देवतांच्या आकृती साकारतात. मात्र दुर्मीळ वनस्पतींच्या शोधात रान ओरबाडले जाण्याचा धोकाही त्यातूनच निर्माण होतो. कळलावी मुळासकट उपटल्यास पुढच्या पावसाळ्यात त्या जागी उगवत नाही. फुलांची फांदी तेवढी कापल्यास कंद जमिनीत राहतो.