घराघरातली भाकरी, लाखोंची पंगत

सप्ताह जवळ आला की पंचक्रोशीतल्या गिरण्यांवर बाजरीच्या डब्यांची रांग लागते. बाजरीचं पीठ जास्त दिवस ठेवलं तर कडवटतं, म्हणून दळण ऐनवेळीच. गंगागिरी महाराजांच्या अखंड हरिनाम सप्ताहातली लाखोंची पंगत अशी एकेका घरच्या डब्यापासून सुरू होते.

महाराजांचं सराला बेट गोदावरीच्या पात्रात, वैजापूर आणि श्रीरामपूर तालुक्यांच्या सीमेवर आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सुरू केलेला हा सप्ताह दर श्रावणात नव्या गावी भरतो. २०२५ मध्ये १७८ वा सप्ताह वैजापूर तालुक्यातल्याच शनिदेवगावला झाला. त्याच सुमारास रोममधल्या तोर व्हेर्गाताच्या मैदानावर जगभरातले सुमारे दहा लाख कॅथलिक तरुण-तरुणी धार्मिक मेळ्यासाठी जमले होते. तिथं यजमान होतं एक महानगर, इथं एक खेडं. पोलीस, वीज, पाणी, दवाखाना यांची सरकारी यंत्रणा इथंही राबते. पण जेवणाचा भार पंचक्रोशीतल्या चुली उचलतात.

भाकरी घरीच होते. काठवटीत पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी आरावर टम्म फुगवायची. खरी काळजी त्यापुढे. गरम भाकरी एकावर एक रचली तर घाम सुटतो, चिकटते, लवकर बुरशी धरते. म्हणून बाया ती धुतलेल्या कापडावर सुटी पसरतात; पूर्ण निवली की मगच चळत लागते. मग घरोघरच्या चळती कापड अंथरलेल्या ट्रॉलीत जातात आणि ट्रॅक्टर सप्ताहाच्या वाटेला लागतो.

आमटी मात्र जागेवरच शिजते. चुलाणावर मोठमोठ्या कढया, खाली लाकडांचा जाळ. डाळ बुडाशी लागू नये म्हणून धडधाकट पोरं लांब दांड्याच्या उलथन्यांनी ती आळीपाळीनं हलवतात. एवढ्या मोठ्या कढईत बूड लागलं की सगळी आमटी करपट होते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. पंगत बसली की हीच पोरं बादल्या आणि ओगराळी घेऊन धावतात. भाकरी कुस्करायची आणि आमटी वरून ओतून घ्यायची, इतकं साधं जेवण. म्हणूनच ते लाखोंना पुरवता येतं.

मांडवातही अशीच आळीपाळीची रीत. रात्रंदिवस भजनाचे पहारे बदलत राहतात. वीणा खाली ठेवायची नसते. दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच पहिला मोकळा होतो. एकाचा पहारा ठरावीक वेळाचा, नाम मात्र सात दिवस अखंड.

हे काम अफाट दिसतं, पण ते प्रत्येकाच्या आवाक्याएवढं वाटलेलं असतं. एका घराला चळतभर भाकरी, एका पोराला एक बादली, एका टाळकऱ्याला एक पहारा. मोठ्या मेळ्याचं यजमानपण पैशाआधी या वाटणीवर उभं राहतं, हे शिकावं तर इथंच.

पुढच्या श्रावणात सप्ताहाला गेलात, तर पोटाला लागेल तेवढीच भाकरी घ्या, पानात टाकू नका. आणि जेवण झाल्यावर एक पंगत तरी वाढायला उभे राहा.