साखरेच्या डब्यात गूळ, मिठाच्या बरणीत सैंधव

पांढरं ते वाईट आणि नैसर्गिक ते चांगलं, अशी वाटणी हल्ली बऱ्याच स्वयंपाकघरांत झाली आहे. साखर जाऊन गूळ आला, रिफाइंडच्या जागी लाकडी घाण्याचं तेल आलं, आयोडीनयुक्त मिठाऐवजी गुलाबी सैंधव आलं. हे तिन्ही बदल एकाच तोलाचे समजले जातात आणि तिथेच गफलत होते. पहिला बदल मुख्यतः चवीचा आहे, दुसरा नीट पारखून केला तर चांगला आहे आणि तिसरा घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला अपाय करू शकतो.

‘मधुमेहाला साखर वर्ज्य, गूळ चालतो’ हे लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. साखर म्हणजे जवळपास शुद्ध सुक्रोज. उसाच्या गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं, शिवाय थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच गुळातून साधारण ३५० ते ३८०. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

गुळात लोह असतं हे मात्र खरं. पण किती? १० ग्रॅम गुळातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी सुचवलेलं रोजचं प्रमाण आहे २९ मिलिग्रॅम. त्यात गूळ चहात घातला, तर चहातली टॅनिनं लोहाचं शोषण आणखी कमी करतात. रक्तक्षय असलेल्या मुलीची लोहाची गोळी बंद करून तिच्या हातावर नुसते गूळ-शेंगदाणे ठेवले, तर तिचं दुखणं लांबतं. गूळ-शेंगदाणे जरूर द्या, पण गोळी चालू ठेवून.

पिवळाधमक गूळ म्हणजे उत्तम गूळ, हाही समज जुनाच. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढायला भेंडीचं पाणी आणि चुना वापरतात. फिकट रंगासाठी मात्र काही ठिकाणी हायड्रोस पावडर टाकली जाते. म्हणून नुसता रंग बघून गूळ घेऊ नये. गडद गूळसुद्धा केवळ रंगामुळे शुद्ध ठरत नाही. ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर हायड्रोस घालता का, साखर मिसळता का, हे सरळ विचारावं.

मधाबद्दल एकच गोष्ट, पण ती प्रत्येक आजीपर्यंत पोहोचायला हवी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. अस्सल, रानातला मध असला तरी हा धोका तसाच.

घाण्याच्या तेलाला शेंगदाण्याचा, तिळाचा मूळ वास आणि चव असते. रिफाइंड करताना त्यातलं बरंच जातं. पण घाण्याचं तेल ‘हलकं’ असतं, कितीही खाल्लं तरी चालतं, हा भ्रम आहे: कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरीच मिळतात. शिवाय शेंगदाणे बुरशी लागलेले असतील तर अफ्लाटॉक्सिन तेलात उतरू शकतं, आणि रिफायनिंगमध्ये ते बरंचसं निघून जातं, घाण्यावर मात्र तशी सोय नाही. म्हणून घाण्यावर दाणे कसे आहेत ते आधी बघावं, आणि शक्य असेल तर घरून निवडून न्यावेत.

आता मीठ. इथे जरा थांबायला हवं.

सैंधव हे खनिज मीठ, बरंचसं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. त्याचा गुलाबीपणा लोहाच्या अंशामुळे येतो. बाकी ते ९७ टक्क्यांच्या आसपास सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे रक्तदाबाच्या माणसाला त्याने सूट मिळत नाही. इतर खनिजांचं प्रमाण इतकं थोडं, की दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून हाती काही लागत नाही. समुद्राच्या मिठात आपोआप आयोडीन येतं, हाही गैरसमज. मिठागरातल्या मिठात ते जेमतेम उरतं.

आणि आयोडीन का हवं? हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा फक्त हिमालयातला आजार नव्हे. पुढच्या सर्वेक्षणांत महाराष्ट्रातही तो सापडला. गळ्याची गाठ निदान दिसते तरी. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं, असा नियम त्यासाठीच आहे. प्रौढांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर स्त्रीला २५०.

उपवासाच्या दिवशी सैंधव वापरायला काहीच हरकत नाही. थायरॉइडचे उपचार चालू असतील तर मिठाचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पण रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच घाला, बरणीचं झाकण घट्ट लावा आणि ती शेगडीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर हे आजच करा.