लहानपणीचे दूरदर्शन : आठवण आणि वास्तव

दिंडोशीच्या टेकडीपलीकडे दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. १९७७ साली ती स्थापन झाली, आणि तेव्हापासून कापड, प्लायवूड व रंग ह्यांच्या साहाय्याने तेथे किती राजवाडे उभे राहिले आणि किती मोडून पडले, ह्याची गणती कोणी ठेवली नसेल. १९८८ ते १९९० ह्या काळात दूरदर्शनवर दाखविल्या गेलेल्या 'महाभारत' मालिकेचे पुष्कळसे चित्रण तेथेच झाले. रविवारी सकाळी सारा देश ज्या हस्तिनापुराकडे डोळे लावून बसे, ते हस्तिनापूर आपल्या नागरी निवाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होते! त्याची एक फळीदेखील आज जागेवर नाही. तरीही पन्नाशीच्या घरातील कोणाही गृहस्थासमोर त्याचे नाव काढा. मालिकेच्या आरंभीचा तो शंखध्वनी त्यांच्या कानांत अजून घुमत असल्याचे दिसेल.

लहानपणी पाहिलेल्या कार्यक्रमांविषयीची ही हुरहूर आता घरोघरी आढळते. लग्नाची पंगत असो, सोसायटीची सभा असो, कोणीतरी 'गजरा'चे नाव काढतो, दुसरा 'साप्ताहिकी'चे काढतो, आणि मग बैठक मोडता मोडत नाही. "तसे कार्यक्रम आता होणे नाही," ह्या वाक्यावर सर्वांचे एकमत होते. हे मत खरे आहे काय? आणि खरे नसेल, तर आपल्याला नेमकी कशाची आठवण येते? ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

गतकाळाच्या ह्या ओढीला युरोपीय भाषांत 'नॉस्टॅल्जिया' असे नाव आहे. हा शब्द कवींचा नसून वैद्यांचा आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो प्रथम योजला. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. परमुलखात गेलेली माणसे घराच्या ओढीने खंगत, त्या दुखण्याला त्याने हे नाव दिले. पुढे दुखणे मागे पडले, शब्द राहिला, आणि स्थळाच्या ओढीची जागा काळाच्या ओढीने घेतली. आपण मराठीत त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. हा शब्द गोड आहे. पण त्यातून वेदना गळाली आहे, आणि मूळ गोष्ट तर वेदनेचीच आहे. गावाला परत जाण्यासाठी कोकणात जाणारी गाडी असते. १९७५ सालच्या शनिवारी संध्याकाळकडे जाणारी गाडी कोठून सुटणार?

त्या संध्याकाळचे स्वरूप तरुण श्रोत्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र सुरू व्हावयास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. वरळीच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी पकडण्यासाठी गच्चीवर अँटेना उभारावी लागे. वारा सुटला की ती फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने गच्चीवर, दुसऱ्याने जिन्यात आणि तिसऱ्याने संचासमोर उभे राहून "आलं, आलं... गेलं!" अशी आरोळ्यांची साखळी धरावयाची. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, आत काळेपांढरे चित्र. संच बाळगण्यासाठी परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. वाहिनी एकच, आणि तीही दिवसातील थोडे तास. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट, गुरुवारी 'छायागीत', अशी आठवड्याची आखणी मुलांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा अधिक पाठ असे.

अधिक काही नसल्यामुळे जे असे ते सर्व पाहिले जाई. 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता; पण ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही अशी गिरगाव-परळची मुले खतांची मात्रा आणि कपाशीवरची कीड ह्यांविषयीची चर्चा मन लावून ऐकत. 'ज्ञानदीप' पाहत, 'किलबिल' पाहत, आणि काही बिघाड होऊन पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी आली तर तीही पाहत! आज त्या पाटीचीही कित्येकांना आठवण येते. हा मुद्दा क्षुल्लक नाही. व्यत्ययाची पाटी ही काही कलाकृती नव्हे. तिचीही हुरहूर लागत असेल, तर ती हुरहूर कार्यक्रमाच्या गुणवत्तेमुळे लागते हे म्हणणे टिकत नाही. कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण, आमच्या मते, पडद्याच्या अलीकडच्या बाजूस आहे. आम्ही ज्या चाळीत वाढलो तेथे प्रथम एकच संच होता. ज्यांचा तो होता त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत शनिवारी तीसपस्तीस माणसे बसत. मुले पुढे जमिनीवर, बायका पलंगावर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पुरुष दारात उभे. गॅलरीत चपलांचा ढीग. घरच्या वहिनी मधूनच पाण्याचा तांब्या फिरवीत, आणि त्यांचा स्वयंपाक चित्रपट संपेपर्यंत खोळंबे. बातम्या लागल्या की खोली गप्प होई; प्रदीप भिडे किंवा भक्ती बर्वे बातम्या सांगू लागले की ते आपल्याच घरी येऊन सांगत आहेत असे वाटे.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. सगळ्याच घरांचे दार उघडे नसे. "आज पाहुणे आहेत," असे सांगून परत पाठविलेली मुले होती. खिडकीच्या गजांतून चित्रपट पाहणारी होती, आणि ती खिडकीही मध्येच लावली गेल्याचे ज्यांना आठवते अशीही होती. कोणाला आत बसू द्यावयाचे, कोणाला नाही, ह्यात पैसा पाहिला जाई आणि जातही पाहिली जाई. "त्या काळी सारे एकत्र बसून पाहत," असे आपण म्हणतो तेव्हा त्या 'सारे' ह्या शब्दात खिडकीबाहेरचा मुलगा नसतो. स्मरणरंजनाचा हा मोठा दोष आहे : ते आत बसलेल्यांनी सांगितलेले असते.

स्मृती असे का करते, ह्यावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, आठवणे म्हणजे कपाटातील वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणे नव्हे. माणूस दर वेळी आठवण नव्याने रचतो. जे त्याच्या आजच्या समजुतीत बसते ते ठेवतो, जे बसत नाही ते गाळतो किंवा बदलतो. पुढील संशोधनात असेही आढळले आहे की, उतारवयात माणसाला दहा ते तीस ह्या वयांतील आठवणी इतर काळापेक्षा अधिक दाट येतात. पहिली नोकरी, पहिली मैत्री, पहिला चित्रपट : पहिलेपणाचा ठसा खोल उमटतो. म्हणून प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीचे दूरदर्शन श्रेष्ठ वाटते. तिने पाहिलेले श्रेष्ठ होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

ह्याची एक परीक्षा अकस्मात घडून आली. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि दूरदर्शनने रामानंद सागर ह्यांचे 'रामायण' २८ मार्चपासून पुन्हा दाखवावयास घेतले. १९८७-८८ मध्ये ज्यांनी ते लहानपणी पाहिले होते, ते आता आपल्या मुलांना घेऊन बसले. आमच्याही घरी हेच झाले. पंधरा मिनिटांत मुलाने विचारले, "हे बाण अजून भेटले का नाहीत?" खरे सांगावयाचे तर आम्हालाही ते फार संथ वाटले. आठवणीतील बाण पुष्कळ वेगाने जात होते! तरीही आम्ही उठलो नाही. कारण शेजारच्या खुर्चीत आमची आई होती, आणि बत्तीस वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी तिने पदर डोळ्यांना लावला होता त्याच ठिकाणी तिने तो पुन्हा लावला. आम्ही पडद्याकडे पाहत नव्हतो, तिच्याकडे पाहत होतो. त्या क्षणी आमच्या ध्यानी आले की, १९८८ सालीही आम्ही बहुधा हेच करीत होतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे : आपल्याला ज्याची हुरहूर लागते ती मालिका नव्हे, ती आपल्याबरोबर पाहणारी माणसे होत. त्यांतली कित्येक आज नाहीत. त्यांच्याविषयीचा शोक उघडपणे बोलून दाखविणे आपल्या समाजात अवघड जाते. 'गजरा'ची आठवण काढणे सोपे जाते. मालिकेचे नाव हे एक निमित्त आहे.

हे ध्यानी आले म्हणजे पिढ्यापिढ्यांमधील एक जुना तंटाही मिटू शकेल. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्यांनी ती लहानपणी पाहिली ते आज तिच्या नावाने उसासे टाकतात. परंतु ज्या चि. वि. जोशी ह्यांच्या कथांवर ती आधारलेली होती, ते १९६३ सालीच निवर्तले होते. त्यांचे चिमणराव हे स्वातंत्र्यापूर्वीच्या मध्यमवर्गाचे चिमणराव होते. तेव्हाचे आजोबा ती मालिका पाहून आपल्या तरुणपणीच्या वाचनाची आठवण काढीत आणि "पुस्तकातली मजा ह्यात नाही," असे म्हणत. आकाशवाणीवरील 'प्रपंच' आणि त्यातले टेकाडे भावजी ज्यांच्या कानांत बसले होते, त्यांना पडद्यासमोर बसणारी मुले बिघडलेलीच वाटत. आज ती बिघडलेली मुले आपल्या नातवंडांच्या हातातील फोनकडे पाहून तेच वाक्य उच्चारतात. १९९९ साली सुरू झालेल्या अल्फा मराठी वाहिनीवरील 'आभाळमाया' लहानपणी पाहिलेली पिढी आता चाळिशीकडे आली असून तिचे उसासेही ऐकू येऊ लागले आहेत.

तथापि ह्या परंपरेत एक फरक पडला आहे. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. मग घरात दोन संच आले, आणि आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. निवड वाढली, खिडकीबाहेर उभे राहण्याची नामुष्की सरली, हे चांगलेच झाले. पण आजचा मुलगा जे पाहतो ते बहुधा एकटा पाहतो. चाळीस वर्षांनी त्याला कार्यक्रमाचे नाव आठवेल. त्या वेळी शेजारी कोण हसले होते, हे त्याला आठवेल काय? आमची चिंता कार्यक्रमांच्या दर्जाची नाही, ह्या शेजाराची आहे.

दुसरी चिंता जतनाची आहे. दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात चित्रफीत महाग असे, म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याची चाल जगभर होती. आपल्याकडेही ती होती, आणि त्या वर्षांतील मराठी कार्यक्रमांपैकी फार थोडे आज पाहावयास मिळतात. इंग्लंडातही निराळे घडले नाही. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' ह्या १९६३ साली सुरू झालेल्या मालिकेचे पहिल्या सहा वर्षांतील जवळजवळ शंभर भाग नष्ट झाले. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी तो हौसेने आपल्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. संस्थेने जे पुसले ते प्रेक्षकांनी राखले.

आपल्यापाशी तसा आवाज फारसा नाही. पण माणसे अजून आहेत. १९७२ साली जे वीस वर्षांचे होते ते आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. कोणाच्या खोलीत संच होता, कोण कोठे बसे, कोणाला दारातून परत पाठविले, कोणत्या विनोदावर वडील हसले, ही नोंद कोणत्याही संग्रहात मिळणार नाही. ती ह्यांच्याच जवळ आहे आणि तिची दुसरी प्रत नाही. घरी गेल्यावर त्यांना विचारावे, आणि ते सांगतील ते वहीत तारखेनिशी उतरवून ठेवावे. खिडकीबाहेर उभे राहिलेल्यांना तर अगत्याने विचारावे, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांच्या आवडीचा कार्यक्रम, तो आपल्याला कितीही बाष्कळ वाटो, त्यांच्या शेजारी बसून पाहावा.

न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा आकाशवाणीही नव्हती. तरीही श्रोते जमत, आणि आजही आपण येथे जमलो आहोत. व्याख्यान घरी बसूनही ऐकता येते. ते सोडून शेजाऱ्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसावेसे आपल्याला वाटते, ह्यातच त्या जुन्या शनिवारचे काही शिल्लक उरले आहे.