आधी गोषवारा लिहायला शिकवा

1993 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने 10 ते 17 वयाच्या मुलांना आपल्याच गावातला प्रश्न घेऊन प्रकल्प करायला शिकवले. पुढे धाराशिवच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या उपपरिसरात शिकायला गेले की शोधनिबंधाशी गाठ पडते. दोन्हीकडे परीक्षक आधी वाचतात तो गोषवारा, म्हणजे साऱ्या कामाचे अडीचशेएक शब्दांतले सार. तोच ढिसाळ असला तर पुढची पाने कोण उघडणार? मुलाची मेहनत फुकट जाते.

गोषवारा आपल्या घरांना नवा नाही. रोजगार हमीच्या कामावर काम कोणते, मजूर किती, दिवस किती, माप किती, एवढेच पाहतात. ‘मजुरांनी फार कष्ट केले’ असे लिहून मजुरी निघत नाही, ती मापावर निघते. विज्ञानाचेही तसेच.

आमची मुले मात्र ‘आजच्या युगात शेती हा देशाचा कणा आहे’ अशी सुरुवात करतात. निम्मी जागा त्यातच जाते. त्याऐवजी, समजा, मुलीने असे लिहिले:

‘यंत्रावर मळलेले सोयाबीन कमी उगवते का, हे पाहायचे होते. यंत्रावर मळलेले आणि काठीने बडवलेले, दोन्हींचे 100 दाणे तीन-तीन वेळा ओल्या गोणपाटात ठेवले. सातव्या दिवशी सरासरी 61 आणि 78 दाण्यांना कोंब आले. पेरणीसाठी किमान 70 टक्के उगवण लागते. म्हणून घरचे बियाणे बडवून काढावे.’

सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, यंत्राच्या माराने ती फुटते. सुगीत राबणाऱ्या आईला हे ठाऊक असते. मुलीने ते मोजून दाखवले.

मनासारखा आकडा आला नाही तरी आला तोच लिहावा. पैसे देऊन तयार इंग्रजी गोषवारा आणू नये. परीक्षकांनी विचारले की मूल गप्प उभे राहते. आधी मराठीत लिहावे, इंग्रजी मागाहून.

आई-बाबांनो, आपल्याला इंग्रजी येत नसेल, तरी रात्री जेवताना चार प्रश्न विचारा: का केलेस? कसे केलेस? किती आले? मग काय करायचे? चारही उत्तरे मुलाने न अडखळता दिली, की गोषवारा तयार झाला असे समजा. उरते ते फक्त कागदावर उतरवणे.