उजेडाचे औषध



गेल्या वर्षी आमच्या घरातल्या एका मोठ्या माणसाला नैराश्याचा आजार झाला. झोप उडाली, जेवण नकोसे झाले, खोलीचे पडदेही उघडवेनात. तेव्हा कुणीतरी ‘उजेडाने मेंदूवर उपचार’ करणाऱ्या टोपीची जाहिरात दाखवली. आम्ही पडलो इंजिनिअर! घेण्याआधी ती चालते कशी, ते वाचून काढले.

उजेडाचे उपचार दोन प्रकारचे. पहिला डोळ्यांवाटे. डोळ्याच्या आतल्या पडद्यातील काही पेशी ‘बाहेर किती उजेड आहे’ हे मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हे घड्याळ झोप-जाग सांभाळते. मनाशीही त्याचा संबंध असतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान होतो, तेव्हा काहींना दरवर्षी नैराश्य येते. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले आणि प्रखर दिव्याचा उपाय करून पाहिला. आता साधारण १०,००० लक्सच्या दिव्यापुढे सकाळी अर्धा तास बसवतात. (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक.) २०१६ साली कॅनडातल्या १२२ रुग्णांच्या चाचणीत, ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही हा दिवा उपयोगी ठरला.

दुसरा प्रकार कवटीवाटे. टोपीतले अवरक्त किरण मेंदूच्या पेशींना ऊर्जा देतील, अशी कल्पना आहे. पण कातडी आणि कवटी ओलांडून फारच थोडे किरण आत पोचतात. हा उपाय अजून प्रयोगावस्थेत आहे. टोपी आम्ही घेतली नाही.

सिंगापुरात दिवस बाराही महिने बारा तासांचा. मग उजेडाला काय तोटा? पण तुमची शाळेची बस अंधारातच येते आणि पुढचा दिवस छपराखाली जातो. आम्ही मोजून पाहिले: दिवाणखान्यात १५० लक्स, खाली मैदानात ढगाळ सकाळीही ८,०००!

डॉक्टरांना विचारूनच आम्ही सकाळचे फिरणे सुरू केले. डोळ्यांचा विकार किंवा मनाचे टोकाचे चढउतार असतील, तर प्रखर दिवा स्वतःहून वापरू नये. औषधे व समुपदेशन चालू आहेच. उजेड त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. हल्ली सकाळी पडदे उघडलेले दिसतात.

मुलांनो, घरातले कुणी गप्प गप्प राहिले, तर ते आळशी नसते, तुमच्यावर रागावलेलेही नसते. तो आजार असू शकतो आणि त्यात तुमची चूक नसते. तुम्हालाच तसे वाटले, तर आईबाबांना किंवा बाईंना जरूर सांगा.