सांडपाण्याचे शास्त्र (लेखांक ९) : वाळूतले तेल, तळ्यातले पाणी

गेल्या लेखांकात डिस्टिलरीचे स्पेंटवॉश पाहिले. त्यातला सेंद्रिय भार प्रचंड असला तरी बराचसा जिवाणूच खाऊन संपवतात. आजचे पाणी त्याच्या उलट आहे. त्यात जे उरते, ते जिवाणूंनी टाकलेले उष्टे असते.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरे शहराच्या आसपास, अथाबास्का नदीकाठची वाळू डांबरासारख्या घट्ट बिटुमेनने माखलेली आहे. तिच्यात बिटुमेनचे प्रमाण साधारण १० टक्के. १९२०च्या दशकात कार्ल क्लार्क यांनी ते गरम पाण्याने सोडवायची पद्धत विकसित केली आणि १९६७मध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. वाळू गरम पाण्यात घुसळायची, थोडा कॉस्टिक सोडा घालायचा. हवेच्या बुडबुड्यांबरोबर बिटुमेन फेस होऊन वर येते.

मेख आहे ती या सोड्यात. त्याने बिटुमेन सुटते, पण त्यातली नॅफ्थेनिक आम्लेही पाण्यात उतरतात. ही आम्ले माशांना घातक असतात. शिवाय चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत राहतात. काही वर्षांत त्यांचा दाट रबरबीत गाळ बनतो आणि तो पुढे अनेक दशके घट्ट होत नाही. हे पाणी नदीत सोडायला मुभा नाही. म्हणून आज तिथल्या तळ्यांत १०० कोटी घनमीटरहून अधिक द्रवरूप गाळ साठला आहे. २००८मध्ये सिंक्रूड कंपनीच्या अशाच एका तळ्यात उतरलेली १,६०६ बदके दगावली.

वरचे निवळलेले पाणी कंपन्या पुन्हा वापरतात. त्यामुळे नदीचे पाणी वाचते, हे खरे. पण फेरवापर म्हणजे शुद्धीकरण नव्हे. दर फेरीत क्षार आणि आम्ले वाढत जातात. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसे तिथे गाळात जिप्सम घालतात. त्यातल्या कॅल्शियममुळे कण एकत्र येतात, पण तेच कॅल्शियम पाण्यात राहून पुढच्या फेरीत बिटुमेन सुटण्यात अडथळा आणते. एका टप्प्यावरचा इलाज दुसऱ्या टप्प्यावर नडतो.

आम्लांच्या बाबतीत मात्र दोन उपाय एकमेकांना पूरक ठरतात. जिवाणू सरळ साखळीचे साधे रेणू खातात. फांद्या आणि कडी असलेले रेणू तसेच राहतात. ओझोन नेमका अशाच गुंतागुंतीच्या रेणूंवर आधी तुटून पडतो. सगळे काम ओझोनवर सोपवले तर विजेचा खर्च परवडत नाही. म्हणून अल्बर्टा विद्यापीठातील मोहम्मद गमाल एल-दिन यांच्यासारख्या संशोधकांनी वेगळा क्रम अभ्यासला : आधी ओझोनची बेताची मात्रा, मग जिवाणू. अवघड रेणू तुटले की ते जिवाणूंच्या आवाक्यात येतात. खाणीच्या आवारातच मुबलक मिळणाऱ्या पेट्रोलियम कोकवर आम्ले शोषून घेणे आणि पाणथळ वनस्पतींच्या तळ्यांतून पाणी हळूहळू फिरवणे, याही वाटा तपासल्या जात आहेत.

यांतल्या कुठल्याच वाटेने क्षार जात नाहीत. त्यासाठी पडदा-गाळणी लागते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला अतिखारट पाणी उरते. त्याचे काय करायचे, हा पुढच्या लेखांकाचा विषय.